पळून का नाही जात ही माणसं?

प्रश्न : ताई, परवा 'द किंग अँड द क्लाउन' बघितला आणि इतकी रडले की दोन दिवस कशात लक्ष लागेना. कोरियन ऐतिहासिक पिक्चरमध्ये जीव लावणारी माणसं शेवटी मरतातच का? वेळेवर पळून का नाही जात? – एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, ते दोघं खेळवाले, गोंगगिल आणि जांगसेंग, पळालेलेच असतात ना! आठव, सुरुवातीलाच गोंगगिलला एका सरदाराकडे रात्रीपुरता पाठवतात, जांगसेंग मधे पडतो, हाणामारीत खून होतो आणि दोघं जीव घेऊन पळतात ते राजधानीत, म्हणजे थेट योनसान राजाच्या तोंडाशीच. जोसोन काळात, म्हणजे कोरियातल्या त्या जुन्या राजवटीत, दोरीवरचे खेळ करणारे, सोंगं काढणारे हे सगळ्यात खालच्या दर्जाचे, आणि दर्जा जन्मावर ठरायचा, हे कायद्याने रद्द झालं ते थेट १८९४ मध्ये. मग पळून जाणार कुठे? ज्या गावी जातील तिथे खेळ करूनच पोट भरायचं, म्हणजे परत तेच. राजा तरी कुठे सुटलाय, त्याच्या लहानपणीच, १४८२ मध्ये, आईला विष देऊन मारलेलं, आणि ते तो शेवटपर्यंत जगावर काढत राहतो.

गोंगगिल खरंच होता बरं का. दरबारी बखरीत १५०५ सालची एक नोंद आहे, त्याने खेळात राजाला दोन शब्द सुनावले म्हणून फटके आणि हद्दपारी, बास. जांगसेंग मात्र कल्पनेतला. मला हे फार लागतं, म्हणजे त्या एकट्या नोंदीला कोणीतरी सोबत दिली.

कोरियनमध्ये 'हान' म्हणतात, आत साठलेलं, कुणाला सांगता न येणारं दुःख, आपल्या 'सल'च्या जवळचं, पण त्यात अन्यायाचा राग पण असतो. ते बघायचं असेल तर शेवट नको, आधीचा आंधळ्यांचा खेळ परत बघ, ज्यात दोघं आंधळ्याचं सोंग घेऊन 'मी इथे, तू तिथे' करत एकमेकांना चाचपडतात आणि आपण खदखदून हसतो. पुढे गोंगगिलवरचा आळ जांगसेंग स्वतःवर घेतो, राजा त्याचे डोळे जाळतो, आणि तो खरोखरच आंधळा होऊन दोरीवर चढतो. मग गोंगगिल त्याच दोरीवर येतो, पुढच्या जन्मी कोण होणार विचारलं तर दोघंही खेळ करणारेच व्हायचं म्हणतात, बंडखोर दारातून आत घुसत असतात आणि हे दोघं हवेत उडी घेतात. खाली पडताना दाखवलेलंच नाहीये.