किरणोत्सवाच्या तारखा पाठ असणं म्हणजे तो समजणं का?

नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीवर पडण्याचा सोहळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला असतो, हे खात्रीनं सांगता येणं म्हणजे ज्ञान. पण वर्षातून दोनदाच का, याचं उत्तर त्यात नाही.

स्पष्टीकरण असं: देऊळ पश्चिमाभिमुख, पण तोंड थोडं दक्षिणेकडे कललेलं. मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात यायला सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला हवा. २१ डिसेंबरच्या सुमारास तो सर्वांत दक्षिणेला असतो आणि मग परततो, म्हणून १७ अंशांवर तो त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी असतो आणि तेवढेच दिवस नंतर. कॅलेंडर घेऊन मोजून बघा.

कार्ल हेम्पेल आणि पॉल ओपनहाइम या तत्त्वज्ञांनी १९४८ मध्ये मांडलं, की नियम आणि परिस्थिती यांतून घटना तर्कानं निघाली की स्पष्टीकरण झालं. गोची इथेच आहे. तारखांवरून उलटं गणित करून देवळाची दिशाही काढता येते. गणित बिनचूक, पण देऊळ त्या दिशेला का बांधलं हे त्यातून कळत नाही. गणित दोन्हीकडून चालतं, कार्यकारणभाव मात्र एकाच बाजूनं. माझ्या मते हा आक्षेप त्या मांडणीला शेवटपर्यंत झेपला नाही.

समज तपासायची तर ‘हे बदललं तर?’ असं विचारा. वाटेत इमारत उठली तर? किरणं अडतील, तारखा हलणार नाहीत. देवळाचं तोंड आहे त्यापेक्षा ५ अंश उत्तरेकडे असतं तर? एक सोहळा ऑक्टोबरअखेरीस आला असता, दुसरा फेब्रुवारीच्या मध्याला. नुसत्या तारखा पाठ असणारा इथे अडतो.