हरभरा लांबतोय तो खतामुळे नाही, आखणीमुळे

दादा, सीताफळातला हरभरा नुसता लांबतोय, काय करू म्हणून तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघितला. सांगोल्याकडचं शिवार, १४ बाय ७ फुटांवर लावलेलं तिसऱ्या वर्षाचं सीताफळ, ओळी पूर्व-पश्चिम. ओळीच्या उत्तर अंगाचा हरभरा लांबलेला, त्याला घाटे दिसतच नाहीत. दक्षिण अंगाचा मात्र भरलेला. वर उत्तरांत तिघांनी विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खतं सुचवलीत. ती देऊ नका, हरभरा अजून माजेल.

ही सावली आहे. ७ फुटांवर लावलेली झाडं तिसऱ्या वर्षी एकमेकांत शिरली की ओळीची भिंत होते. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून तिरपा असतो. आपल्या सोलापुरात डिसेंबरमध्ये ८ फुटी झाडाची सावली भर दुपारीसुद्धा ७ फूट उत्तरेला पडते. साडेबाराच्या सुमारास झाडाएवढी काठी रोवून बघा. नेमकं तेव्हाच हरभऱ्याला फुलं-घाटे लागत असतात. उत्तरेकडच्या तासातलं (पेरणीच्या ओळीतलं) हरभऱ्याचं एक झाड उपटून दक्षिणेकडच्याशेजारी धरा, दोन पानांमधलं कांडं लांबलेलं दिसेल. त्यात ठिबकची ओल त्याच पट्ट्यात टिकते, म्हणजे नुसता पाला. दक्षिण-उत्तर ओळीत सावली सकाळी एकीकडे, दुपारनंतर दुसरीकडे जाते. मधल्या पट्ट्याला दुपारचं ऊन मिळतंच.

आता माझं रडगाणं. मला लावायचं होतं १८ बाय ८. गुणाकार करा, १४४ चौरस फूट. १२ बाय १२ चा गुणाकारही १४४च. दोन्हीत एकरी ३०२ झाडं, एक कमी नाही की जास्त नाही. पण अनुदानाच्या फाईलवर चौरस अंतर लिहिलेलं. नाव घेत नाही, पण त्या ऑफिसातले साहेब टेप घेऊन आले, चार खड्ड्यांत चौरस बसेना म्हणून फाईल परत. "झाडं तेवढीच आहेत साहेब" म्हटलं तर "अंतर कागदाप्रमाणे पाहिजे". खड्डे बुजवून पुन्हा काढले. मजुरी माझी, सल्ला त्यांचा. झाडाचा घेर ७ फूट झाल्यावर १८ फुटांत ११ फूट मोकळे राहिले असते, दोन्हीकडे फूटभर सोडून हरभऱ्याचे फुटाफुटावरचे नऊ तास बसले असते. १२ फुटांत ५ राहिले, कसेबसे तीन तास. त्यात औत घालायचं कुठून? आंतरपीक तिथंच बंद पडलं. चौरस आखणी फक्त फळाकडे बघणाऱ्यासाठी ठीक असेल, पहिली चार वर्षं मधल्या पट्ट्यावर घर चालवायचं असेल तर नको, असं माझं ठाम मत.

मी काही शास्त्रज्ञ नाही, माझी जमीन मध्यम आहे. भारी काळ्या रानात गणित बदलू शकतं. आणि शेताला उतार असेल तर दिशा विसरा, ओळी उताराला आडव्याच घ्या. माती वाहून गेल्यावर ऊन घेऊन काय करणार? ठिबकवाला पाईप वाचतो म्हणून बांधाला समांतर आखायला सांगेल, त्याचं ऐकू नका.

कडब्यासाठी मालदांडी जवारी घालायचा मोह होतो, मलाही होतो. पण जवारी लहान रोपांच्या डोक्यावर जाते, ओलही ओढते. तुरीचंही तेच. मूग, उडीद, हरभरा, खोडापासून तीन फूट सोडून. उन्हाळी कांदा पानगळीनंतर उन्हात येईल हे खरं, पण त्याच्या पाण्यानं सीताफळाचा ताण (फुलं येण्याआधी झाडाचं पाणी तोडणं) मोडतो. बहार धरणार, म्हणजे फुलं-फळं घेणार असाल तर कांदा सोडा.

यंदा उत्तरेकडच्या बाजूच्या फांद्या फार खरडू नका, हरभऱ्यासाठी झाड बिघडवायचं नाही. पुढच्या वर्षी तेवढा पट्टा मोकळा ठेवा किंवा तिथं काडीकचरा अंथरा. नवीन दोन एकर लावणार म्हणालात, त्याचा उतार कुठल्या बाजूला आहे आणि मशागत बैलावर की छोट्या ट्रॅक्टरवर, तेवढं लिहा. त्यावर पट्टा किती सोडायचा ते ठरेल.