बारा दिवस, दोघं आणि एक भाड्याची गाडी

प्रश्न: डिसेंबरात आम्ही दोघं (वय 52 आणि 49) न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बारा दिवस गाडीने फिरणार आहोत. क्राइस्टचर्चला गाडी घ्यायची, तिथेच परत द्यायची. यजमानांनी तक्ता करून फ्रिजवर लावलाय: एबल टास्मान, पुनाकाइकी, दोन्ही हिमनद्या (फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स), वानाका, क्वीन्सटाउन, तिथून एका दिवसात मिलफर्ड साउंड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) जाऊन-येऊन, मग माउंट कुक आणि शेवटी काइकोरा. मला तो वाचूनच धाप लागते. शिवाय सगळी गाडी ते स्वतः चालवणार म्हणतात. लायसन्स माझ्याकडेही आहे आणि मी रोज चालवते. मी उगाच घाबरतेय का?

उत्तर: नाही हो. तक्त्यात सगळं बसतं, पण तुम्ही दोघंही बारा दिवस नुसतीच गाडीत बसलेली राहाल. 2023च्या डिसेंबरात आम्ही नवरा-बायको याच वाटेने फिरलो. आमच्याकडेही असाच तक्ता होता. फरक इतकाच, की तो मी केला होता.

आधी कात्री लावू. एबल टास्मान बेटाच्या पार उत्तर टोकाला आहे. किनारा सोन्यासारखा, पण त्या किनाऱ्याने गाडीरस्ताच नाही. तो पायी किंवा बोटीने बघायचा. त्यासाठी निदान तीन दिवस हवेत, ते तुमच्याकडे नाहीत. काइकोरा क्राइस्टचर्चच्या उत्तरेला, जवळपास 180 किमी. तिथे देवमासे दिसतात हे खरं, पण परतीचं विमान गाठायच्या गडबडीत देवमासा बघण्यात काय मजा? दोन्ही खोडा. उरलेलं वर्तुळही साधारण 2000 किमी भरतं.

आता ते ‘एका दिवसात मिलफर्ड’. क्वीन्सटाउनहून जायला चार तास आणि यायला चार, मध्ये दोन तासांची बोट. येताना अंधार पडत नाही एवढंच सुख (डिसेंबरात तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो). त्यापेक्षा क्वीन्सटाउनमधला मुक्काम काढून टाका आणि तो ‘ते आनाऊ’ या गावाला द्या. तिथून मिलफर्ड 120 किमी आहे. फोन दोन तास दाखवतो, आम्हाला चार लागले, कारण दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘थांब, थांब’ म्हणत होतं. बहुतेक वेळा मीच.

माझ्या हिशेबाने रात्री अशा: पहिली क्राइस्टचर्चला, आणि त्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही. इतक्या लांबच्या विमानप्रवासानंतर तारवटलेल्या डोळ्यांनी अनोळखी रस्त्यावर उतरू नये. मग आर्थर्स पास ही खिंड ओलांडून पुनाकाइकीला एक, हिमनद्यांपाशी दोन, वानाकाला दोन, ते आनाऊला तीन, माउंट कुकला दोन. ते आनाऊ ते माउंट कुक हा टप्पा चारशे किमीच्या वर जातो. तो दिवस लांबणार, त्याला इलाज नाही. डबा बरोबर घ्या.

ते आनाऊला तीन कशाला, असं यजमान विचारतील. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे. पण मोकळा दिवस हिमनद्यांच्या बाजूलाही लागतो. पश्चिम किनाऱ्याला एकच रस्ता आहे, महामार्ग क्रमांक 6. मार्च 2019मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला, तेव्हा अलीकडच्यांना पलीकडे जायला डोंगररांग ओलांडून अख्ख्या बेटाला वळसा घालावा लागत होता. त्याच वर्षी दरडीने फॉक्स हिमनदीकडे जाणारा रस्ता गेला. हिमनदीच्या तोंडापाशी चालत जायचे दिवस तसेही संपलेत. बर्फ इतका मागे सरकलाय की बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरच लागतं. आम्ही ते पैसे वाचवले आणि भल्या पहाटे फॉक्सजवळच्या लेक मॅथेसनला गेलो. वारा नसेल तर त्या काळ्याभोर पाण्यात माउंट कुक आणि माउंट टास्मान दोन्ही उलटे दिसतात. त्या दिवशी वारा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा नव्हता. दोन रात्री ठेवायचं कारण हेच.

पुनाकाइकीला चुनखडीचे खडक धिरड्यांच्या चवडीसारखे रचलेले आहेत. त्यांच्या भेगांतून समुद्र वर उसळतो, पण तो भरतीला. ओहोटीच्या वेळी पोचलात तर आमच्यासारखं ‘हेच का ते?’ म्हणत गाडीत येऊन बसाल. नवरा तर खोलीवर चपला काढून मोकळा झाला होता. संध्याकाळी भरतीला त्याला ओढून परत नेलं. पाणी दिसायच्या आधी पायाखाली धप्प असा आवाज येतो आणि मग तोंडावर तुषार. भरतीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा.

गाडी कुणी चालवायची हा तुमचा खरा प्रश्न, आणि त्यावर मी आडपडदा न ठेवता सांगते: दोघांनी. जो चालवतो त्याला वळणं दिसतात, डोंगर दिसत नाहीत. गाडी घेतानाच करारात दुसऱ्या चालकाचं नाव लिहून घ्या, कारण नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झालं तर विमा अंग काढून घेतो. लायसन्स इंग्रजीत असेल तर तेच चालतं, नसेल तर अधिकृत भाषांतर लागतं. बाजू आपलीच, डावी. शहराबाहेर मर्यादा ताशी 100, पण पश्चिमेकडच्या वळणांवर 25 आणि 35चे पिवळे फलक लागतात आणि ते खरंच 25 आणि 35 असतात. मागे दोन-तीन गाड्या साठल्या की बाजूला थांबून त्यांना जाऊ द्यायचं. इथे यजमानांचा अहं थोडा दुखावेल. दुखावू दे.

शिकून जायची एकच गोष्ट, एकपदरी पूल. पुलाआधी फलक असतो. लाल कडेचा गोल फलक आणि त्यात तुमच्या दिशेचा बाण छोटा व लाल, तर तुम्ही थांबायचं. निळा चौकोन आणि तुमच्या दिशेचा बाण मोठा व पांढरा, तर तुम्हाला आधी जायचा हक्क, तरी समोर बघूनच. हास्ट नदीवरचा पूल इतका लांब आहे की मध्ये बाजूला घ्यायला रुंद जागा केल्यात. मी चालवत होते. निम्म्यात पोचले आणि पलीकडून एक भलीमोठी कॅम्परव्हॅन पुलावर चढताना दिसली. शेजारून ‘हळू, हळू, डावीकडे घे’ अशी मंत्रपुष्पांजली सुरू झाली. मी त्या रुंद जागेत गाडी घेतली, व्हॅनवाल्याने हात केला आणि गेला. त्यानंतर नवरा वानाकापर्यंत बाहेर बघत बसला. हास्ट खिंडीतला हा रस्ता 1965मध्ये पुरा झाला, तोवर इकडचा किनारा आणि तिकडची सरोवरं यांच्यात गाडीरस्ताच नव्हता. खिंड 562 मीटरवर आहे, दोन्ही बाजूंना बीच नावाच्या झाडांचं रान आणि हिरवंनिळं पाणी. हे सगळं त्याने पाहिलं ते मी चालवत होते म्हणून. फॉक्सनंतर मोबाइलची रेंज लांबलांब गायब होते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की भरा, पुढचा पंप गृहीत धरू नका.

अजून एक. आर्थर्स पासच्या पुढे ओटिराच्या पुलावर नजर टाकायला एक थांबा आहे. तिथे किआ भेटतील. हा डोंगरातला पोपट, मळकट हिरवा, कोंबडीएवढा. एक आमच्या बॉनेटवर उतरला आणि आरटीओच्या साहेबासारखा इकडून तिकडे चालत गेला. वायपरपाशी थांबला, चोचीने त्याचं रबर उचललं, काचेतून माझ्याकडे तिरका बघितला आणि ओढलं. नवरा कॅमेरा घेऊन पुढे धावला, तोवर दुसरा मागच्या दाराच्या रबराला लागला होता. हाकलल्यावर उडाले तेव्हा पंखांखालचा शेंदरी रंग दिसला. त्या रंगापुढे वायपर माफ. त्यांना खायला मात्र काहीही देऊ नका. खाण्याच्या आशेने ते रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात.

माउंट कुकबद्दल थोडक्यात. एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या आधी इथल्याच बर्फावर तयार झाले. 3724 मीटरचं हे शिखर ढगात दडलं तर टास्मान सरोवराच्या टेकाडावर चढा. हिमनग तरंगताना दिसतात, आणि पन्नासेक वर्षांपूर्वी तिथे धड सरोवर नव्हतंच, सगळी हिमनदीच होती. रात्री बाहेर पडा. आकाश काळं राहावं म्हणून त्या भागात दिव्यांवर निर्बंध आहेत.

प्रश्न: मिलफर्ड साउंडच्या बोटीचं आरक्षण केलंय. त्या दिवशी पाऊस लागला तर पैसे वाया का?

उत्तर: पाऊस लागला नाही तर थोडे वाया, असं मी म्हणेन. टास्मान समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे थेट सदर्न आल्प्स या डोंगररांगेला धडकतात आणि सगळं ओझं तिथेच टाकतात. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस होतो, डोंगरापलीकडचं मॅकेन्झी खोरं मात्र कोरडं, गवताळ. घाटमाथा आणि पर्जन्यछाया हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मिलफर्डचे कडे समुद्रातून सरळ उभे, वर माती नावापुरती. त्यामुळे पडलेलं पाणी मुरत नाही, लगेच खाली येतं. कोरड्या दिवशी बोवेन आणि स्टर्लिंग हे दोन मोठे धबधबे दिसतात. पावसात मोजता येत नाहीत, आणि पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात पुन्हा दोनच उरतात.

पण फार पाऊस झाला तर रस्ताच बंद होतो. तिथल्या कड्यांवर झाडं मुळांत मुळं गुंतवून नुसत्या खडकाला धरून उभी असतात. एक सुटलं की खालच्या सगळ्यांना घेऊन येतं. आमच्या पहिल्या सकाळी रस्ता बंद होता. ते आनाऊच्या काठावर चहा पीत दिवस काढला. दुसऱ्या दिवशी रिमझिम होती, रस्ता उघडला आणि बोटवाल्याने बोटीचं नाक स्टर्लिंगच्या फवाऱ्यात नेऊन ठेवलं. छत्री नेऊ नका, टोपीचं रेनकोट न्या. आरक्षण बदलता येईल असंच घ्या आणि निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघा. वाटेतला होमर बोगदा 1.2 किमी लांब आहे. 1935ला खोदायला घेतला आणि 1954ला गाड्यांसाठी उघडला. आत खडक तसाच ओबडधोबड, पाणी ठिबकतंय आणि मिलफर्डकडे जाताना सरळ उतार. दिवे आधी लावा. मे ते नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनी चाकांच्या साखळ्या बरोबर ठेवायच्या असतात.

प्रश्न: गाडी आणि हॉटेलपेक्षा कॅम्परव्हॅन स्वस्त पडेल ना? कुठेही थांबून झोपता येतं असं ऐकलंय.

उत्तर: ‘कुठेही’ हा शब्द खोडा. फुकट थांबायला मुभा असलेल्या बऱ्याच जागी आत कायमचं बसवलेलं शौचालय असलेली, प्रमाणित गाडीच चालते. सुटं शौचालय धरत नाहीत, आणि दंड चुकत नाही. दोघांचंच असेल तर मी छोटी गाडी आणि मोटेल म्हणेन. तिथल्या मोटेलच्या खोलीत बहुधा छोटं स्वयंपाकघर असतं. भात-पिठलं झालं की खर्च निम्मा.

प्रश्न: तिथल्या सँडफ्लाय म्हणजे डासच ना? आणि घरचं खाणं नेता येतं का?

उत्तर: डास परवडले. ही बारीक काळी माशी, आवाज न करता चावते, आणि खाज आठवडाभर. कॅप्टन कुकने 1773मध्ये डस्की साउंडला मुक्काम केला तेव्हा तोही वैतागला होता. माओरी कथा सांगते, की मिलफर्डचं सौंदर्य बघून माणसं तिथेच रेंगाळतील म्हणून देवीने या माश्या सोडल्या. चालत राहिलात तर त्रास कमी, उभे राहिलात की संपलं. घोटे झाका, औषध लावा.

खाण्याचं म्हणाल तर जे असेल ते न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या अर्जात लिहा. लपवलेल्या एका सफरचंदाला जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मध नेऊच नका. लिहिलेल्या वस्तूंचा ते निकाल लावतात, रागावत नाहीत. माझ्या ट्रेकिंगच्या बुटांना चिखल होता आणि मी तो इमानदारीने लिहिला. अधिकारी बाईंनी बूट मागितले, आत घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणून दिले. ओले होते, पण विकत घेतल्या दिवशीही इतके स्वच्छ नव्हते.