गती आहे, पण वेड नाही

“मॅडम, हिला गती आहे हो. पण वेड नाही.”

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बाबांनी सांगून टाकलं. शेजारी आठवीतली लेक, बॅगेच्या चेनशी चाळा करत बसलेली. जुलै २०२५ मध्ये आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला बुद्धिबळातला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून हे वाक्य मी वेगवेगळ्या आईबाबांच्या तोंडून ऐकतेय. मूल चांगलं खेळतं, क्लासलाही जातं, पण जेवताना खेळाबद्दल बोलत नाही, हरल्यावर रडत नाही. मग ते मोठं कसं होणार?

या बाबांनी त्यावर उपाय शोधला होता. दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक डॉक्युमेंट्री. दोराशिवाय एल कॅपिटनचा कडा चढणारा अ‍ॅलेक्स होनोल्ड झाला. पंचाऐंशीव्या वर्षीही सुशीच्या चवीचा ध्यास न सुटलेले तोक्योचे जिरो ओनो झाले. त्यांच्याकडच्या शिकाऊ पोराने दोनशेवर अंड्याच्या वड्या केल्या, तेव्हा कुठे एक पसंत पडली, हे बाबांनी मला अगदी रंगवून सांगितलं. आणि अर्थातच अमेरिकन बुद्धिबळपटू बॉबी फिशर. १९७२ ला रेक्याविकमध्ये पहिला डाव हरला, दुसऱ्याला खेळायलाच आला नाही, तरी शेवटी स्पास्कीला हरवून जगज्जेता झाला.

“असं वेड पाहिजे,” ते म्हणाले. मग मोबाइल काढून त्यांनी मला लेकीच्या वयाच्या पोरांची रेटिंग्ज, म्हणजे बुद्धिबळातली पातळी सांगणारे आकडे, दाखवली. अकोल्याचा अमुक, पुण्याची तमुक, कोण गेल्या महिन्यात किती वर गेलं. एकदाही अडखळले नाहीत. वेड घरात होतं, फक्त ते लेकीला लागलेलं नव्हतं. हे मी तेव्हा बोलले नाही. पहिल्याच भेटीत असं बोललं की माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही.

त्यांना बाहेर बसवलं आणि लेकीला विचारलं, यातला कुठला सिनेमा आवडला?

“फिशरचा. पण बाबा तो जिंकल्यावर बंद करतात. म्हणतात, पुढचं काही कामाचं नाही.”

“मग?”

“मी रात्री पूर्ण बघितला.” थोडं थांबून म्हणाली, “तो नंतर वीस वर्षं खेळलाच नाही, मॅडम.”

खरंच आहे. १९७५ ला फिशर किताब राखायला उतरलाच नाही आणि एकदम १९९२ मध्ये पुन्हा पटावर बसला. मधल्या काळातला त्याचा एकटेपणा, संशय, कडवटपणा, सगळं त्या माहितीपटात आहे. तेरा वर्षांच्या मुलीने ते रात्री एकटीने पाहिलं, आणि सकाळी बाबांनी विचारलं, “सांग, तू कधी अशी होणार?”

पुढच्या वेळी तिला नोटेशनची वही आणायला सांगितली. चाली इंग्रजी अक्षरांत आणि समासात बारीक मराठी शेरे. ‘इथे घोडा हलवायला नको होता.’ ‘समोरचा सारखा नाक ओढत होता.’ ‘भूक लागली म्हणून घाई केली.’ सगळे शेरे हरलेल्या डावांवर. कोणी सांगितलेलं नसताना वर्षभर ही मुलगी हरलेले डाव घरी येऊन पुन्हा मांडत होती. दिवाळीनंतरची पानं मात्र कोरी. नुसत्या चाली, शेरा एकही नाही.

दिवाळीपासूनच बाबा रात्री वही तपासायला शेजारी बसू लागले होते.

रॉबर्ट व्हॅलरँड या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस खेळाला धरून असतो, दुसऱ्यात खेळ माणसाला धरून बसतो. पहिल्यात हात दुखला, परीक्षा आली, तर बाजूला होता येतं आणि परत येता येतं. दुसऱ्यात बाजूला झालं की अपराधी वाटतं, कारण आपली सगळी किंमत त्या एका गोष्टीला टांगलेली असते. झोप उडाली, हरल्यावर दोन दिवस जेवण जाईना, मित्रमैत्रिणी सुटले, तर मला काळजी वाटते. हरल्यावर पोरगी पाणीपुरी मागते, याची नाही वाटत.

बाबांना मी म्हटलं, हे सिनेमे वाईट नाहीत, पण बहुतेकांत कॅमेरा पोचला तो माणूस नावारूपाला आल्यानंतर. जिरोंच्या दुकानाला मिशेलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचे तीन तारे होते, म्हणजे तिथला सर्वोच्च मान. तसाच ध्यास घेऊन कुठेच न पोचलेल्यांच्या घरी कोण कॅमेरा नेणार? मग ‘हूप ड्रीम्स’ बघायला सांगितला. १९९४ चा, जवळपास तीन तासांचा. शिकागोमधली दोन पोरं, वय साधारण तुमच्या लेकीएवढं, बास्केटबॉलचं वेड, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायचं स्वप्न. पुढे काय होणार हे ना पोरांना माहीत, ना चित्रीकरण करणाऱ्यांना. ते पाच वर्षं चित्रीकरण करत राहिले. दोघांपैकी एकाचा मोठा भाऊ आहे त्यात. त्याचा स्वतःचा खेळ अर्ध्यावर सुटलेला, आता सगळी भिस्त धाकट्यावर.

रविवारचा कार्यक्रम थांबवायचा आणि वहीला हात लावायचा नाही, एवढं ठरलं. स्पर्धेहून आल्यावर पहिला प्रश्न निकालाचा नको, हेही त्यांनी मान्य केलं. तोंड वाकडं करून, पण केलं.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. “अर्धा झाला. दोघांतला एनबीएत कोण जातो तेवढं सांगून टाका ना.”

“कोणीच नाही,” मी म्हटलं.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, “पण तो भाऊ... त्याला बघवत नाही हो.” आणि दुसरंच काहीतरी बोलून फोन ठेवला.

मुलगी अजून खेळते. मधे मामेभावाच्या लग्नासाठी एक स्पर्धा बुडवली, त्यावरून घरात कुरबुर झाली. रेटिंग जरासं वर गेलंय, असं बाबा सांगतात. मी विचारलं नव्हतं. शेवटच्या भेटीत तिला म्हटलं, वही आणलीस का? बॅग मांडीवर घट्ट धरून म्हणाली, “आणलीय. पण दाखवणार नाही.”

शेरे लिहितेस का पुन्हा, एवढंच विचारलं. हसली, आणि चेन ओढून बॅग बंद केली.