लीड्सच्या डर्बी क्लबात जाण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. लीड्सला एम.एस्सी. करता करता तिथल्या हौशी रोलर डर्बी क्लबात नाव नोंदवते आहेस, हे फार चांगलं केलंस. परक्या गावात दर आठवड्याला हक्काची माणसं भेटणं ही मोठी गोष्ट असते.

शाळेत इनलाइनवर, म्हणजे एका रांगेतल्या चाकांवर, स्पीड स्केटिंग केलंस, त्यामुळे तुझा तोल पक्का आहे. पण आता वेगाचा मोह सोड. डर्बी क्वाड स्केट्सवरच, म्हणजे दोन चाकं पुढे नि दोन मागे असलेल्या स्केट्सवरच, खेळतात, आणि त्यात सगळ्यात आधी थांबता आलं पाहिजे. ट्रॅकवर दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी असतात: समोरच्या जॅमरला अडवणाऱ्या चार ब्लॉकर आणि हेल्मेटवर तारा असलेली, गुण मिळवणारी एक जॅमर. जॅम म्हणजे खेळाचा एक डाव, जास्तीत जास्त 2 मिनिटांचा. जॅमर ब्लॉकरांच्या घोळक्यातून पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा गुण नसतो. पुढच्या फेऱ्यांत नियमात राहून मागे टाकलेल्या प्रत्येक विरोधी ब्लॉकरचा एक गुण. म्हणजे चौघी ब्लॉकरांचं बरंचसं काम हातभर जागेत, जवळजवळ उभ्या उभ्या चालतं.

त्यासाठी प्लाउ स्टॉप, म्हणजे पाय पसरून थांबणं, घोटून घे. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, बूड खाली, छाती वर. मग चवडे किंचित आत वळवून टाचांनी जमीन बाहेर ढकलायची. नवख्या मुली कमरेतून पुढे वाकतात. मग वजन चवड्यांवर येतं, चाकांची पकड सुटते आणि समोरचीच्या पाठीत धक्का बसतो. पाठीत मारणं हा फाउल आहे: 30 सेकंद पेनल्टी बॉक्समध्ये, आणि एका सामन्यात सात झाले की खेळ संपला. ट्रॅकबाहेर फेकली गेलीस तर जिने फेकलं तिच्या मागूनच आत ये. ती मुद्दाम उलटी मागे जाईल. तूही बाहेरून तिच्या मागे जा. घाईत पुढून शिरणं ही सुरुवातीची नेहमीची चूक.

पडणं वेगळं शिकावं लागतं. एका गुडघ्यावर, अंग आवळून पड आणि मुठी मिटलेल्या ठेव, नाहीतर मागून येणारीची चाकं बोटांवरून जातात. म्हणूनच पैसे आधी गुडघ्यांच्या पॅडवर खर्च कर. हेल्मेट, माउथगार्ड, कोपर आणि मनगटाचे पॅडही हवेतच. क्लबाकडे सुरुवातीला उसने मिळतात का ते विचार. चाकांचा कडकपणा 'ए' आकड्यात लिहितात. स्पोर्ट्स हॉलची फरशी घसरडी असेल तर मऊ, म्हणजे कमी आकड्याची चाकं लागतात. फार मऊ घेतलीस तर प्लाउमध्ये चाक घसरण्याऐवजी अडकतं आणि ताण गुडघ्यावर येतो. विकत घेण्याआधी तुझ्याच वजनाच्या कुणाची तरी त्याच हॉलमध्ये लावून बघ.

दर सरावाआधी आठही चाकं बोटाने फिरव. चाक लवकर थांबत असेल तर नट जरा सैल कर, अगदी केसभर हालचाल राहिली पाहिजे. टो स्टॉप, म्हणजे चवड्यापुढचा रबरी ब्रेक, तोही हलवून बघ; सैल झालेला ऐन जॅममध्ये गळून पडतो.

कागदपत्रांत हयगय नको. जाताच जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला आहेस, तो हक्क वापर. क्लबाच्या विम्यात काय येतं ते सही करण्याआधी वाच. स्टुडंट व्हिसावर हौसेने खेळायला हरकत नाही, पण पैसे घेऊन कोचिंग करता येत नाही. कुणी प्रेमाने विचारलं तरी नाही म्हण.

हे क्लब खेळाडूच चालवतात, त्यामुळे वाट्याला काम येईलच. पेनल्टी बॉक्समध्ये स्टॉपवॉच धरायचं काम स्वतःहून माग. कोण कशामुळे आत येते हे डोळ्यांसमोर दिसतं आणि नियम पुस्तकापेक्षा लवकर अंगवळणी पडतात. ट्रॅकवर मात्र तोंड बंद ठेवू नकोस. जॅमर आतून येतेय की बाहेरून, हे तू ओरडली नाहीस तर पाठमोऱ्या मैत्रिणीला कळणार कसं?

आणि सराव संपला की पॅड बॅगेत कोंबून ठेवू नकोस. तिथल्या हवेत ते दोन दिवस वाळत नाहीत, खिडकीपाशी उलटे टांग.

तुझी,
मावशी