थोरल्या मुलाचा हक्क आणि मक्रॉसची इस्टेट

आयर्लंडमधील जहागीर थोरल्या मुलालाच मिळत असे, तर एकाच इस्टेटीच्या इतिहासात तीन-चार आडनावे कशी येतात, असे आपण विचारले आहे. थोरल्याचा हक्क खरा होता. पण बहुतेक मोठ्या घराण्यांत तो पूर्ण मालकीचा नसून हयातीपुरत्या उपभोगाचा असे.

मुलगा सज्ञान झाला किंवा त्याचे लग्न ठरले, की बाप-लेक नवा करारनामा करीत आणि जमीन अजून न जन्मलेल्या नातवासाठी बांधून ठेवीत. मधल्या वारसाला ती सहजासहजी विकता येत नसे. विधवेची सालीना नेमणूक, धाकट्या भावांचे रोख हिस्से आणि बहिणींचे हुंडे यांचा बोजा मात्र त्याच जमिनीवर पिढ्यानपिढ्या चढत जाई. १८४५ नंतरच्या दुष्काळात खंड थकला, तेव्हा अनेकांना हा भार पेलेना आणि १८४९ मध्ये कर्जात बुडालेल्या जहागिरी बोजामुक्त करून विकण्यासाठी खास कायदा करावा लागला.

कॅथलिक घराण्यांची अडचण निराळी होती. १७०४ च्या कायद्याने त्यांची जमीन सर्व मुलग्यांत विभागली जाई, मात्र थोरल्याने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला, तर सगळी त्यालाच मिळे. आपल्याकडे न्याय्य वाटणारी समान वाटणी तिथे जहागिरी मोडण्याचे हत्यार म्हणून वापरली गेली.

आता किलार्नीजवळची मक्रॉस इस्टेट पाहा. चार्ल्स मॅकार्थी मोर १७७० मध्ये निपुत्रिक वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रामुळे ती त्यांच्या आजोळी, हर्बर्टांकडे गेली. हर्बर्टांनी १८४३ मध्ये आजचा वाडा पूर्ण केला. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणी येणार म्हणून पडदे-गालिच्यांपासून सगळी नवी सजावट झाली. राणीला आगीचे भय, म्हणून तिची शय्यागृहे तळमजल्यावर ठेवली होती. पुढे कर्ज डोईजड झाले, ते केवळ या पाहुणचारामुळे असे मी म्हणणार नाही, आणि १८९९ मध्ये इस्टेट गिनेस घराण्यातील लॉर्ड आर्डिलॉन यांनी घेतली. वरवर पाहता ही निव्वळ खरेदी होती. पण लेडी आर्डिलॉन यांचे आजोळ हर्बर्टांचेच होते.

१९११ मध्ये कॅलिफोर्नियाचे खाणमालक विल्यम बोर्न यांनी ती विकत घेऊन मुलगी मॉड हिला लग्नाची भेट म्हणून दिली. मॉड १९२९ मध्ये वारली आणि १९३२ मध्ये तिचे आई-वडील व पती आर्थर व्हिन्सेंट यांनी सुमारे ११ हजार एकर तिच्या स्मरणार्थ आयरिश राष्ट्राला दिले. तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले.