रोज ढिगानं येणारे फालतू ईमेल नुसते डिलीट केले तर चालतं का? त्यांनी नेमकं काय नुकसान होतं?

डिलीट केले तर तुमचं लगेच काही बिघडत नाही. पण "एक बोट मारलं की गेलं, त्यात नुकसान कसलं" असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा लांबड लावतो.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातू ओतून कास्टिंग करायच्या कारखान्यात) इन्क्वायरी अन् कोटेशनचं काम बघतो. आमच्या मालकांचा भाचा पुण्यात शिकून आला अन् आल्या आल्या त्यानं कुठूनतरी हजारो ईमेलची लिस्ट विकत घेतली. मी लिस्ट उघडून बघितली तर त्यात दातांचे दवाखाने, क्लासेस, ट्रॅव्हलवाले, कास्टिंगशी काडीचा संबंध नसलेली माणसं. मी म्हटलं बाबा, हे पाठवू नको, तर म्हणाला काका, मेल पाठवायला पैसे लागत नाहीत, हजारातला एक आला तरी फायदाच. अन् ज्या डोमेनवरनं (ईमेल पत्त्यातलं @ च्या पुढचं आमचं नाव) आम्ही गिऱ्हाईकाला कोटेशन पाठवतो त्याच डोमेनवरनं त्यानं सगळ्यांना मेल सोडला.

निम्मे पत्ते बंद पडलेले, ते बाउन्स होऊन परत. उरलेल्यांपैकी कितीजणांनी स्पॅमचं बटण दाबलं देव जाणे. त्यात अशा लिस्टमध्ये काही पत्ते मुद्दाम सापळा म्हणून ठेवलेले असतात, त्यावर मेल गेला की पाठवणारा स्पॅमवाला म्हणून नोंदला जातो. पुढं काय झालं तर आमचे रोजचे साधे मेलही लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागले. चाकणच्या एका जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला, कोटेशन का पाठवलं नाही म्हणून. ड्रॉइंग बघून, पॅटर्नचा खर्च धरून रात्री बसून काढलेलं कोटेशन होतं ते, वेळेत पाठवलेलं, अन् ते त्यांच्या स्पॅममध्ये पडून होतं. तोवर काम दुसरीकडं गेलं होतं. मला त्याचा आजही राग येतो.

मेल फुकट असतो तो पाठवणाऱ्याला. घेणाऱ्याचा वेळ जातो, जागा जाते (जीमेलच्या १५ जीबीत स्पॅमही मोजतात), अन् सर्व्हर चालवणारे फिल्टरवर खर्च करतात तो वेगळाच. भाचा ह्याला आजकालचं मार्केटिंग म्हणतो, पण १९७८ साली अमेरिकेत एका कॉम्प्युटर कंपनीच्या माणसानं आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, चारशेच्या आसपास लोकांना असाच जाहिरातीचा मेल पाठवला होता अन् तेव्हाही लोक चिडलेच होते.

मुळात ईमेलची रचनाच भोळी आहे. पाकिटावर पाठवणारा म्हणून कुणाचंही नाव लिहावं अन् पोस्टमननं काही विचारू नये, तसं ते चालायचं. म्हणून नंतर मेल खरंच त्या नावावरनं आलाय का ते बघणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा तपासण्या आल्या. फेब्रुवारी २०२४ पासून तर जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला ह्या तिन्ही लागतातच, शिवाय जाहिरातीच्या मेलला एका क्लिकवर अनसबस्क्राइब द्यावं लागतं अन् स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तिघं चिडले तरी संपलं. आम्हीही हे सगळं लावून घेतलं, पण डोमेनचं गेलेलं नाव एका दिवसात परत येत नाही, बरेच दिवस मी प्रत्येक कोटेशननंतर फोन करून "साहेब, स्पॅममध्ये बघा" म्हणत होतो.

आता तुमचं. नुसतं डिलीट करू नका, स्पॅम म्हणून रिपोर्ट करा, फिल्टर त्यातनंच शिकतो. अनोळखी मेलमधले फोटो लोड करू नका, त्यात न दिसणारं बारीक चित्र असू शकतं, त्यावरनं मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. अनसबस्क्राइब फक्त तुम्ही स्वतः पत्ता दिलेल्या दुकानाचं करा. १९०९ चं डीएनडी फोन अन् एसएमएससाठी आहे, ईमेलला त्याचा उपयोग नाही. अन् स्पॅमचा फोल्डर आठवड्यातनं एकदा चाळत जा, जीमेल ३० दिवसांनी तो आपोआप साफ करतं, त्यात कुणाचंतरी खरं काम अडकलेलं असतं.

हां, तुम्हीच कधीतरी नाव नोंदवलेल्या संस्थेचा मेल नको झाला म्हणून त्याला स्पॅम म्हणू नका, त्यांचं आमच्यासारखं होतं. अन् "आमचा बँक खाते नंबर बदलला" असा मेल आला तर त्यातल्या नाही, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे सोडू नका, गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन लावा.

भाचा अजून म्हणतो त्या मेलनं दोन इन्क्वायरी आल्या. आल्या होत्या, पण दोघांनाही पितळेचं काम पाहिजे होतं अन् आम्ही बीड (कास्ट आयर्न) ओततो. तुमच्या ओळखीत कुणी लिस्ट विकत घ्यायच्या बेतात असेल तर त्याला म्हणावं त्या पैशात चार जुन्या गिऱ्हाईकांना भेटून ये. आमच्या नव्या ऑर्डरी आजही ओळखीतनं अन् फोनवरनंच येतात, हे मी मालकांसमोर त्याला सांगितलंय.